लिव्हरमधली गाठ: ओपन, दुर्बीण की सुई? कशावरून ठरवायचं (जळगाव-धुळे-नंदुरबारच्या डॉक्टरांसाठी)

तापीथडी

राम राम मंडळी. तालुक्याच्या गावांमधून एकच विचारणा वरचेवर येते: "लिव्हरमध्ये पाच सेंटिमीटरची गाठ आहे, दुर्बिणीतून निघेल का?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. त्याच्या आधी तीन गोष्टी कळायला हव्यात. गाठ कशाची आहे? ती काढल्यावर मागे उरणारं लिव्हर किती आणि कसं आहे? आणि गाठ कुठल्या रक्तवाहिनीला टेकली आहे? यांची उत्तरं हातात आली की ओपन करायचं, दुर्बीण लावायची की नुसत्या सुईने जाळायचं, हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

नकाशा आधी डोक्यात बसवून घ्या. लिव्हरचे आठ भाग, म्हणजे सेगमेंट. ही मांडणी क्लोद क्विनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने १९५७ साली रूढ केली. प्रत्येक सेगमेंटला पोर्टल व्हेन (आतड्यांकडून रक्त आणणारी शीर), हिपॅटिक आर्टरी (धमनी) आणि पित्तनलिका यांची स्वतःची फांदी असते, म्हणून एक सेगमेंट शेजारच्याला धक्का न लावता काढता येतो. २ आणि ३ डावीकडे टोकाला, ४ मधे, ५ आणि ८ उजवीकडे पुढे, ६ आणि ७ उजवीकडे मागे, आणि १ पाठीमागे इन्फिरिअर व्हेना केवाला (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला) चिकटून. याच क्रमांकांवर पुढची सगळी चर्चा चालते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये फक्त "राइट लोब एसओएल" (उजव्या भागात कसलीतरी गाठ) लिहिलं असेल तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

---

क्ष-किरण_भुसावळ

तापीथडी भाऊंच्या मुद्द्याला जोडून. पेशंट मोठ्या गावी पोचतो, आणि तिथे सीटी पुन्हा करावा लागतो. कारण बहुतेक वेळा एकच: पहिला सीटी "प्लेन अँड कॉन्ट्रास्ट" केलेला असतो, म्हणजे कॉन्ट्रास्टचा एकच टप्पा. लिव्हरचा मूळ कॅन्सर, म्हणजे एचसीसी, धमनीच्या रक्तावर वाढतो. धमनीच्या टप्प्यात तो उजळतो आणि पुढच्या टप्प्यांत आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळपट पडतो. एकाच टप्प्यात फोटो काढला तर गाठ लिव्हरच्याच रंगात मिसळून जाऊ शकते.

म्हणून चिठ्ठीवर "ट्रायफेजिक लिव्हर सीटी" असंच लिहा. उशिराचा धमनी टप्पा साधारण ३५ ते ४० सेकंदांना, पोर्टल टप्पा ७० सेकंदांच्या आसपास, डिलेड टप्पा ३ ते ५ मिनिटांनी. कॉन्ट्रास्ट सेकंदाला ४ ते ५ मिली वेगाने जायला हवा. त्यासाठी कोपराच्या शिरेत १८ किंवा २० नंबरचा कॅन्युला लागतो. हाताच्या पंजावर २२ नंबरचा निळा कॅन्युला लावून पाठवलं की तो वेग मिळत नाही, आणि धमनीचा टप्पा नुसता नावाला उरतो. स्लाइस पातळ ठेवा, १ ते ३ मिमी. क्रिएटिनिन आधी बघा. आणि पेशंटच्या हातात फिल्मबरोबर डायकॉम (मूळ डिजिटल) फाइलींची सीडी द्या, कारण लिव्हरचं आकारमान फिल्मवरून मोजता येत नाही.

---

गिरणाकाठ

चाळीसगावकडून विचारतोय. गाठ दिसली की आधी सुई घालून तुकडा काढून घ्यावा का? नातेवाईक लगेच "तुकडा तपासा" म्हणतात.

---

क्ष-किरण_भुसावळ

सरसकट नको. सिरोसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) असलेल्या किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात ट्रायफेजिक सीटीवर वर सांगितलेलं चित्र नीट दिसलं, तर एचसीसीचं निदान तेवढ्यावर होतं. तिथे बायोप्सीने नवीन काही हाती लागत नाही. उलट रक्तस्राव आणि सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी पेरल्या जाण्याची जोखीम मात्र येते. एएफपी (रक्तातली कॅन्सरची एक खूण) ४०० च्या वर असेल तर निदानाला बळ मिळतं, पण एएफपी नॉर्मल म्हणून एचसीसी नाही असं धरू नका. सिरोसिस नसेल किंवा चित्र संदिग्ध असेल, तर बायोप्सीचा निर्णय ऑपरेशन करणाऱ्या टीमवर सोडा.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी गाठीसारख्या दिसतात. एक, अमीबाचा गळू. "पोट दुखस" एवढंच सांगणारा, ताप असलेला, दारू पिणारा माणूस आणि उजवीकडे एकच मोठी गाठीसारखी जागा असेल, तर आधी गळूचा विचार करा. तो मेट्रोनिडाझोलने आणि गरज पडल्यास पू काढून बरा होतो. दुसरी, हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यांच्या जंतामुळे होणारी पाण्याची पिशवी. मेंढरं आणि कुत्र्यांसोबत राहणाऱ्यांमध्ये, साक्रीकडचे ठेलारी त्यात आले, पाण्याची पिशवी दिसली तर सिरॉलॉजी (रक्तातली अँटिबॉडी तपासणी) आणि अल्बेंडाझोल याआधी तिला सुई लावू नका. आतलं पाणी पोटात सांडलं तर पेशंट अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये जाऊ शकतो, आणि पुढे पोटभर नव्या पिशव्या होतात.

---

तापीथडी

आणि ज्यांना हातच लावायचा नसतो, त्या गाठीही सांगून ठेवतो. हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) आणि एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया), दोन्ही कॅन्सर नसलेल्या. त्रास नसेल तर हिमॅन्जिओमा दहा सेंटिमीटरचा असला तरी फक्त लक्ष ठेवायचं. अ‍ॅडिनोमाचं वेगळं आहे. ही लिव्हरच्या पेशींची साधी गाठ; गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्या आधी थांबवायच्या. ५ सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा पुरुषात असेल, तर काढण्याकडे कल असतो, कारण त्यात रक्तस्रावाचा आणि कॅन्सर होण्याचा धोका आहे.

---

पांझरा

आता उरणाऱ्या लिव्हरबद्दल. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो, आणि तो रेफर करण्याआधी तालुक्याला बसूनही घेता येतो.

बिलीरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा निर्देशांक), पोटातलं पाणी आणि शुद्धीतला गोंधळ या पाचांचा चाइल्ड-प्यू स्कोअर काढा. ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी. कापून काढण्याचा विचार प्रामुख्याने ए मध्ये. बी मध्ये फार निवडून आणि छोटा तुकडा. सी मध्ये शस्त्रक्रिया म्हणजे फक्त प्रत्यारोपण.

पण ए आला म्हणून थांबू नका. सगळ्यात जास्त फसगत या ए मध्येच होते. बिलीरुबिन ०.९, अल्ब्युमिन ३.६, सगळं छान, आणि प्लेटलेट ७०,०००. सोबत प्लीहा वाढलेली. याचा अर्थ पोर्टल व्हेनमधला दाब वाढलेला आहे. एंडोस्कोपी करा. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा दिसल्या तर उजवं अर्धं लिव्हर काढायचा विषय संपला. अशा पेशंटला ऑपरेशननंतर पोटात पाणी भरतं, किडनी बसते, आणि कावीळ चढतच जाते. हिपॅटिक व्हेनमधून मोजलेला दाबाचा फरक १० मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर तो लक्षणीय मानतात, पण ती तपासणी सगळीकडे होत नाही. प्लेटलेट, प्लीहा आणि एंडोस्कोपी तर जिल्ह्याच्या ठिकाणी होतेच.

मोहाची असो की देशी, दारू पूर्ण बंद. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची तपासणी) पॉझिटिव्ह असेल तर एचबीव्ही डीएनए पाठवा आणि टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर हे विषाणूविरोधी औषध ऑपरेशनच्या आधीच सुरू करा. हे लांबणीवर टाकलं तर ऑपरेशननंतर विषाणू उसळून उरलेलं लिव्हर बिघडू शकतं. खाण्यात प्रथिनं दिवसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५६ किलोच्या माणसाला साधारण ७० ते ८५ ग्रॅम. "लिव्हर आहे, हलकं खा" म्हणून पेशंटला नुसत्या भात-वरणावर ठेवू नका. झोपण्याआधी थोडं खाणंही द्या. रात्रभराच्या उपाशीपणात सिरोसिसचा पेशंट स्वतःचे स्नायू जाळतो.

---

गिरणाकाठ

किती लिव्हर उरलं म्हणजे पुरतं? सत्तर टक्के काढलं तरी वाढून येतं असं ऐकलं आहे.

---

तापीथडी

निरोगी लिव्हर वाढून येतं. आजारी लिव्हरला तेवढा दम नसतो. ढोबळ मर्यादा अशा: निरोगी लिव्हर असेल तर किमान २० ते २५ टक्के उरायला हवं, बरीच किमोथेरपी झाली असेल तर ३० टक्के, सिरोसिस असेल तर ४० टक्के.

एक हिशेब करून दाखवतो. पेशंट १६५ सेंमी उंच, ५६ किलो. उंची गुणिले वजन भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. शरीराचं क्षेत्रफळ आलं १.६ चौरस मीटर. व्होथेच्या सूत्राने अपेक्षित लिव्हर म्हणजे १२६७.२८ गुणिले १.६, उणे ७९४.४१, म्हणजे साधारण १२३० मिली. आता समजा सीटीवर लिव्हर १५०० मिली भरलं, आणि उजवीकडे ८ सेंटिमीटरची गोल गाठ आहे. तिचं आकारमान सुमारे २७० मिली. ते वजा केलं की चालतं लिव्हर १२३० मिली, दोन्ही आकडे जुळले. डावीकडचे २, ३, ४ मिळून ३५० मिली. ३५० भागिले १२३०, म्हणजे २८ टक्के. गाठ वजा न करता १५०० ने भागलं असतं तर २३ टक्के आले असते, आणि होऊ शकणारं ऑपरेशन उगाच नाकारलं गेलं असतं.

२८ टक्के निरोगी लिव्हरला पुरतात. याच माणसाला किमोचे सहा-आठ डोस झाले असतील तर कमी पडतात. सिरोसिस असेल तर फारच कमी. मग ऑपरेशनआधी उजव्या पोर्टल व्हेनची वाट बंद करायची. रेडिओलॉजिस्ट त्वचेतून सुई घालून ती शाखा बुजवतो, सगळं पोर्टल रक्त डावीकडे वळतं, आणि डावा भाग ४ ते ६ आठवड्यांत वाढतो. सेगमेंट ४ सुद्धा काढायचा असेल तर त्याच्या शाखाही बुजवाव्या लागतात. नंतर पुन्हा सीटी. चार आठवड्यांत २८ चे ३६ झाले म्हणजे आठवड्याला २ टक्के, ही चांगली खूण. अजिबात वाढलंच नाही, तर ते लिव्हर मोठं ऑपरेशन सोसणार नाही. मग तिथेच थांबायचं आणि दुसरा उपाय शोधायचा.

आयसीजी चाचणीची सोय असेल तर तीही करावी. हिरवा रंग शिरेतून देऊन १५ मिनिटांनी रक्तात किती उरला ते बघतात. १० टक्क्यांच्या आत असेल तर मोठं ऑपरेशन झेपू शकतं. आकडा २०-३० कडे गेला की एखाद्या सेगमेंटपुरतंच.

---

सातपुडा_पायथा

भूल देणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा. तो मोठ्या शहरातल्या टीमच्या लक्षात येईलच असं नाही, म्हणून रेफरन्सच्या चिठ्ठीवर तुम्हीच लिहा: सिकल सेल.

नंदुरबार जिल्ह्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आणि शिरपूर-चोपडा-यावलच्या डोंगरपट्टीतल्या भिल्ल-पावरा पेशंटची सिकल तपासणी झाल्याशिवाय लिव्हरचं ऑपरेशन ठरवू नये. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी करून एएस (फक्त वाहक) आहे की एसएस (प्रत्यक्ष आजार) ते ठरवा. नुकतंच रक्त चढवलं असेल तर दोन्ही रिपोर्ट फसवे येऊ शकतात.

याचं कारण लिव्हर कापण्याच्या पद्धतीतच आहे. रक्तस्राव कमी राहावा म्हणून आम्ही मध्यवर्ती शिरेतला दाब मुद्दाम खाली, ५ च्या आत ठेवतो. म्हणजे लिव्हर कापून होईपर्यंत सलाइन हात आखडूनच देतो. आणि सर्जन लिव्हरकडे जाणारा रक्तपुरवठा क्लॅम्प करतात, १५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू. ही प्रिंगलची पद्धत, १९०८ सालची. आता एसएस पेशंटमध्ये कमी पाणी, थंडी, साचलेलं रक्त आणि ऑक्सिजनची कमतरता या चारही गोष्टी तांबड्या पेशींना विळ्याचा आकार देतात. म्हणजे इतरांना जे वाचवतं तेच याला मारक ठरू शकतं. अशा वेळी आधी हिमोग्लोबिन १० पर्यंत आणणं, मोठ्या ऑपरेशनला एचबीएस (सिकलचं हिमोग्लोबिन) ३० टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न, शरीराचं तापमान ३६ च्या वर, क्लॅम्प टाळता आला तर टाळणं आणि लावलाच तर थोडा वेळ. एएस असलेल्यांना सहसा त्रास होत नाही, तरी थंडी आणि पाण्याची काळजी तीच.

आणखी एक. एसएसमध्ये तांबड्या पेशी फुटत असल्याने बिलीरुबिन मुळातच २-३ असतं. ते इनडायरेक्ट असतं. चाइल्ड-प्यूमध्ये आंधळेपणाने घातलं तर चांगलं लिव्हर खराब ठरतं.

---

पांझरा

सातपुडा ताई, हा मुद्दा धाग्याच्या वरच टाकायला हवा. डायरेक्ट-इनडायरेक्ट वेगळं केल्याशिवाय अशा पेशंटचा स्कोअर कुणी काढूच नये.

---

दुर्बीण_धुळे

आता दुर्बिणीबद्दल. सेगमेंट २ आणि ३ काढायचे असतील तर दुर्बीण हीच पहिली निवड. हे आता जगभर मान्य आहे. २००८ साली लुईव्हिल, २०१४ साली मोरिओका आणि २०१७ साली साउथॅम्प्टन इथे तज्ज्ञांनी एकत्र बसून तशी मतं मांडली. पुढच्या भागातल्या, म्हणजे ४ चा खालचा भाग, ५ आणि ६ मधल्या ५ सेंटिमीटरपर्यंतच्या, कडेच्या गाठीही चांगल्या निघतात. ऑस्लोमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या लिव्हरमधल्या गाठींवर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले: गुंतागुंत ओपनमध्ये ३१ टक्के, दुर्बिणीत १९ टक्के. सिरोसिसच्या पेशंटला तर याचा जास्त फायदा. पोटाच्या भिंतीतल्या शिरा आणि स्नायू कापले जात नाहीत, म्हणून नंतर पोटात पाणी कमी भरतं.

सेगमेंट २-३ ची कृती थोडक्यात. पोटात वायूचा दाब १० ते १२ मिमी. फॅल्सिफॉर्म आणि डावं ट्रायअँग्युलर लिगामेंट सोडवून घ्या. पोटात सोनोग्राफीचा प्रोब फिरवून गाठीची कड निश्चित करा आणि शिल्लक लिव्हर पुन्हा तपासा. कापण्याची रेघ फॅल्सिफॉर्मच्या डावीकडेच ठेवायची. उजवीकडे सरकलात तर सेगमेंट ४ चा रक्तपुरवठा जातो आणि तो भाग मरतो. वरचा एक-दोन सेंटिमीटर थर एनर्जी डिव्हाइसने, मग २-३ च्या पेडिकलवर (रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकेच्या जुडग्यावर) पांढऱ्या कार्ट्रिजचा स्टेपलर, आणि डावी हिपॅटिक व्हेन शेवटी. काढलेला भाग पिशवीत घालून खालच्या पोटावरच्या, सिझेरियनसारख्या आडव्या छेदातून बाहेर. कॅन्सरची गाठ पोटात कुस्करायची नाही.

---

तापीथडी

इथवर सहमत. पण ७, ८, ४ चा वरचा भाग आणि १ यांना दुर्बीण लावण्याआधी टीमने सोप्या जागांवर बराच हात बसवलेला असावा. या जागा बरगड्यांच्या आड, डायफ्रॅमच्या खाली, हिपॅटिक व्हेन जिथे व्हेना केवाला मिळतात त्याला लागून. तिथे शीर फाटली की दुर्बिणीतून टाका घ्यायला कोनच मिळत नाही, आणि शिरेतला दाब कमी असल्यामुळे वायू आत खेचला जाण्याचा धोका. उजवा जे-आकाराचा छेद मोठा दिसतो, पण सेगमेंट ७ वर दोन्ही हात पोचतात.

---

दुर्बीण_धुळे

मान्य. फक्त एवढं जोडतो की दुर्बिणीतून ओपनमध्ये जाणं म्हणजे हार मानणं नाही. नातेवाइकांच्या संमतीपत्रात ते आधीच लिहून घ्यावं. जागा नीट दिसत नाही म्हणून वेळेवर उघडलं तर पेशंट बरा राहतो. रक्त उसळल्यावर घाईत उघडावं लागलं तर नुकसान जास्त.

---

गिरणाकाठ

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून आलेल्या गाठींनाही हेच नियम का? आणि दोन-तीन असतील तर?

---

तापीथडी

तिथे विचार वेगळा करतो. लिव्हर बहुधा मुळात चांगलं असतं, म्हणून गाठींची संख्या एवढी आड येत नाही. प्रत्येक गाठ तिच्याभोवतीच्या थोड्या लिव्हरसकट काढायची, बाकीचं जपायचं. १ मिमी स्वच्छ कड मिळाली तरी चालते. लिव्हर वाचवण्याचं कारण सरळ आहे: या आजारात गाठी पुन्हा येतात आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. आज उजवं अर्धं काढून टाकलं तर पुढच्या वेळी काढायला जागाच उरत नाही.

किमो आणि ऑपरेशनमध्ये ४ ते ६ आठवडे अंतर. बेव्हासिझुमॅब चालू असेल तर ते किमान ५-६ आठवडे आधी बंद. ऑक्सालिप्लॅटिनने लिव्हर निळसर, रक्ताने तुंबलेलं होतं, इरिनोटेकॅनने चरबी चढते, आणि दोन्हींत कापताना लिव्हर हाताखाली तुटतं. किमो लांबवत नेली तर छोट्या गाठी सीटीवर दिसेनाशा होतात, पण पेशी तिथे असू शकतात. म्हणून किमो सुरू करण्याआधीच एमआरआय करून जागा नोंदवून ठेवा.

---

क्ष-किरण_भुसावळ

सुईबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. एचसीसी २ सेंटिमीटरपर्यंत असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हने जाळणं हे कापण्याच्या तोडीस तोड आहे. ३ पर्यंतही विचार करता येतो. पण ३ मिमीपेक्षा मोठी शीर शेजारी असली की वाहतं रक्त उष्णता पळवतं आणि त्या बाजूला पेशी जिवंत राहतात. मायक्रोवेव्हला हा त्रास कमी. मुख्य पित्तनलिकेजवळ जाळलं तर नलिका अरुंद होऊन कावीळ होते. पित्ताशय किंवा आतड्याला टेकलेली गाठ असेल तर ते भाजतं. अशा कडेच्या गाठीला दुर्बिणीतून कापणं बरं, आणि खोलवरच्या छोट्या गाठीला सुई बरी.

---

पांझरा

आणि प्रत्यारोपण. सिरोसिस आहे, गाठ एकच आणि ५ सेंटिमीटरच्या आत, किंवा तीनपर्यंत आणि प्रत्येक ३ च्या आत, शिरेत शिरलेली नाही, बाहेर पसरलेली नाही. हे मिलानचे निकष, १९९६ पासूनचे. असा पेशंट चाइल्ड बी-सी असेल तर "काही होणार नाही" म्हणून घरी पाठवू नका. मुंबई-पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राला कागद एकदा दाखवाच. थांबण्याच्या काळात गाठ वाढू नये म्हणून टीएसीई (गाठीच्या धमनीत किमो सोडून ती बुजवणं) करतात. मुख्य पोर्टल व्हेन बंद असेल तर मात्र ते सहसा करत नाहीत.

---

वॉर्ड_जळगाव

कागदांचं लिहिते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण पूर्वमंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी फोन करून, ते हॉस्पिटल योजनेत आहे का आणि तिथे लिव्हरचं पॅकेज आहे का, हे विचारून मगच गाडीत बसा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते घरीच बघा. सोबत सीटीची सीडी, एंडोस्कोपी, सिकलचा रिपोर्ट, हिपॅटायटिस बी-सी, आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. नंदुरबारच्या लोकांना सुरत जवळ पडतं, पण महाराष्ट्राची योजना तिथे चालेल हे गृहीत धरू नका, आधी विचारा.

---

गिरणाकाठ

पेशंट घरी आल्यावर आमच्याकडेच येतो. काय बघायचं?

---

तापीथडी

डिस्चार्ज कार्डवर पाचव्या दिवसाचं बिलीरुबिन आणि आयएनआर शोधा. आयएनआर पहिले दोन-तीन दिवस वाढतं, मग उतरायला लागतं. पाचव्या दिवशी बिलीरुबिन ३ च्या वर आणि आयएनआर १.७ च्या वर, दोन्ही एकत्र असतील तर ते लिव्हर निकामी होण्याचं लक्षण. असा पेशंट घरी यायलाच नको होता. आला असेल तर त्याच दिवशी परत पाठवा.

पोटात नळी (ड्रेन) असेल तर तिच्यातून येणारं रोजचं पाणी मोजा आणि रंग बघा. हिरवट-पिवळं असेल तर त्या पाण्यातलं बिलीरुबिन तपासा. तिसऱ्या दिवसानंतर ते रक्तातल्यापेक्षा तिप्पट किंवा जास्त असेल तर पित्त गळतंय. नळी काढू नका, सर्जनला कळवा. बहुतेक गळत्या नळी ठेवल्यावर आपोआप बंद होतात. पण नळी निघाली आणि पित्त आत साचलं तर आठवड्याभरात थंडी वाजून ताप येतो.

दुखण्याला पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, किडनीला महागात पडतं. पोटाचा घेर रोज एकाच जागी, बेंबीवर टेप लावून.

---

सातपुडा_पायथा

आणि सिकलचा पेशंट असेल तर प्रवासातही पाणी भरपूर आणि अंगावर गरम कपडे. धडगावच्या घाटात हिवाळ्यातल्या रात्रीच्या गाडीने पाठवू नका, दिवसाची गाडी बघा.